लाखावर पळालेली जुनी गाडी घेताय? पैसे देण्याआधी एवढं बघा

साताऱ्यात जुनी गाडी बघायला निघालं की प्रत्येकाच्या तोंडी पहिला प्रश्न एकच असतो, "किती पळालीय?" २०१७ साली मीही तोच विचारला होता. मीटरवर ६८ हजार होते. सीट कव्हर कोरं, इंजिन धुऊन चकाचक. एजंट म्हणाला, "डॉक्टरांची गाडी आहे साहेब, घर ते दवाखाना एवढीच फिरलीय." मी गाडी घेतली. पाचव्या महिन्यात पुण्याहून येताना खंबाटकी घाट चढताना ती तापली आणि इंजिनाचं हेड, म्हणजे वरचा भाग, उतरवावं लागलं. दुरुस्तीच्या निमित्ताने कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जुनी नोंद काढायला लावली, तर मी घेण्याच्या तीन वर्षं आधीच त्या गाडीची १,३७,००० किलोमीटरला सर्व्हिसिंग झालेली होती.

तीच गाडी मी पुन्हा नीट बघितली तेव्हा क्लचच्या पेडलकडे लक्ष गेलं. रबरावरच्या रेघा डाव्या कडेला पार पुसल्या गेल्या होत्या आणि कोपऱ्यातून पेडलचं लोखंड डोकावत होतं. घेतानाही ते तसंच होतं. त्याचा अर्थ मला कळत नव्हता, एवढंच.

२०२१ मध्ये दुसरी गाडी घेतली ती १,७८,००० पळालेली. घरच्यांनी वेड्यात काढलं. ती आजही रोज चालते. फरक असा की त्या पौणेदोन लाखांतला प्रत्येक टप्पा कागदावर होता. म्हणून माझं सांगणं हे आहे: आकडा मोठा आहे याला घाबरू नका, आकड्याचा हिशोब लागत नसेल तर मात्र घाबरा. हा हिशोब कसा लावायचा ते क्रमाने सांगतो.

१. गाडी बघायला जाण्याआधी नंबर मागवा

फोटो नको, आधी गाडीचा नंबर मागा. एम-परिवहन ॲपवर नोंदणीची तारीख, मालक कितवा, इंधन, विमा कधीपर्यंत, पीयूसी, गाडीवर बँकेचा बोजा आहे का, हे सगळं दिसतं. "एक हात गाडी आहे" असं सांगणाऱ्याची गाडी तिथे तिसऱ्या मालकाची निघाली तर पेट्रोल जाळून जाऊ नका. बाकी गोष्टीही तो तशाच सांगणार.

नोंदणीची तारीख नीट बघा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, नंतर दर ५ वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. त्यासाठी गाडीची तपासणी होते, फी भरावी लागते आणि महाराष्ट्रात पर्यावरण करही. २०११ ची गाडी स्वस्तात मिळते त्याचं एक कारण हे असतं. स्वस्त म्हणून घेतलीत तर हा खर्च आधीच धरून चाला.

पासिंगवरून, म्हणजे नंबरातल्या एमएच पुढच्या आकड्यावरून, थोडा अंदाज येतो. ११ म्हणजे सातारा, ५० कराड, १० सांगली, ०९ कोल्हापूर. ०८ म्हणजे रत्नागिरीची गाडी असेल आणि किनाऱ्यालगत राहिलेली असेल, तर खाऱ्या हवेने खालचा पत्रा खाल्लाय का हे बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. पासिंगवरून गाडी नाकारू नका, कुठे बघायचं ते ठरवा.

२. किलोमीटरचा हिशोब मांडा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची, म्हणून इथे वेळ घालवा.

आधी मालकाला विचारा की गाडी रोज कुठे जायची. माझ्या दुसऱ्या गाडीचे मालक कराडला राहायचे आणि नोकरी साताऱ्यात. जाऊन-येऊन साधारण १०० किलोमीटर, महिन्यात २५ दिवस, म्हणजे वर्षाला ३० हजार. सहा वर्षांत पौणेदोन-एक लाख. मीटर तेच सांगत होता. शिवाय हे सगळं हायवेचं पळणं. पाचव्या गिअरमध्ये एका लयीत पळालेलं इंजिन आणि साताऱ्यात राजवाडा ते पोवई नाका असं दिवसभर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रखडलेलं इंजिन यांची बरोबरी होत नाही. अशा शहरात रखडलेल्या गाडीचा क्लच, ब्रेक, स्टार्टर सगळंच जास्त झिजतं, मीटरवर आकडा कमी असला तरी.

आता हा हिशोब पडताळायचा कसा?

सर्व्हिस सेंटरची नोंद. ती बहुतेक ठिकाणी मालकालाच देतात, म्हणून मालकाला सोबत न्या किंवा त्याच्याकडूनच मागवा. प्रत्येक सर्व्हिसिंगची तारीख आणि किलोमीटर वहीत एकाखाली एक लिहा. आकडा चढता हवा आणि चढण साधारण सारखी हवी. वर्षाला २५ हजार पळणारी गाडी अचानक दोन वर्षांत ४ हजारच पळाली असेल, तर एक तर ती उभी होती किंवा मीटर मागे घेतलाय. नोंद मधेच थांबली असेल, तर त्यानंतर कुठल्या गॅरेजला जायची ते विचारा आणि त्या मेस्त्रीला भेटा.

फास्टॅगचा हिशोब. ही युक्ती फार कुणी वापरत नाही. २०२१ च्या फेब्रुवारीपासून टोलवर फास्टॅग सक्तीचा झाला. मालकाच्या मोबाईलवर त्या टॅगचं स्टेटमेंट असतं. गाडी गावातच फिरली म्हणतात आणि आनेवाडी, खेड शिवापूर टोलची नोंद आठवड्यातून दोनदा दिसते, तर उत्तर मिळालं. खरा मालक ते दाखवायला फारशी कुरकुर करत नाही.

ऑइल बदलल्याचे स्टिकर. दाराच्या कडेला, बॉनेटखाली, काचेच्या कोपऱ्यात बघा. मीटर मागे घेणारा बऱ्याचदा एखादा स्टिकर काढायचा विसरतो.

टायरची तारीख. टायरच्या कडेवर चार आकडे कोरलेले असतात. ३२१९ म्हणजे २०१९ सालचा बत्तिसावा आठवडा. २०१६ ची गाडी, मीटरवर ३५ हजार, आणि चारही टायर २०१९ चे? मग पहिले टायर एवढ्या लवकर कशाने संपले ते विचारा. स्टेपनीचीही तारीख बघा.

आणि झिजलेल्या जागा. पेडलचं रबर, गिअरची मूठ, स्टिअरिंगची कड, ड्रायव्हरच्या खिडकीचं बटण, ड्रायव्हर सीटची बाहेरची कड. जुन्या गाडीत ही पेडलं अगदी कोरी दिसली तरी शंका घ्या, कारण ती हल्लीच बदललेली असतात. स्टिअरिंग कव्हर काढून बघा. काढू देत नसतील तर तिथेच थांबा.

३. महापुरात बुडालेली गाडी नाही ना, याची खात्री करा

आपल्या भागात हे सोडून चालत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती, धोक्याची पातळी ४५ फूट. २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला. दोन्ही वेळा कितीतरी गाड्या दिवसचे दिवस पाण्यात उभ्या होत्या. त्यात मालकांचा दोष नव्हता. पण अशी गाडी धुऊन, वाळवून, दुसऱ्या जिल्ह्यात नेऊन काही न सांगता विकणं ही घेणाऱ्याची फसवणूक आहे.

पाणी इंजिनातून काढता येतं, वायरिंगमधून जात नाही. वर्ष-दोन वर्षांनी जोडांना हिरवट गंज चढतो. मग एक दिवस काच वर होत नाही, दुसऱ्या दिवशी एअरबॅगचा दिवा लागतो, तिसऱ्या दिवशी गाडी चालू होत नाही. मेस्त्री दोष शोधत राहतो आणि तुम्ही पैसे भरत राहता.

सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढा. जो भाग कायम आत गुंडाळलेला असतो त्यावर मातकट डागाची सरळ रेघ असेल, तर पाणी तिथवर चढलं होतं. सीट पुढे सरकवून खालच्या रुळांचे बोल्ट टॉर्चने बघा. दाराजवळचं कार्पेट उचलून खाली हात घाला. स्टेपनी उचलून तिच्या खड्ड्याचे कोपरे बोटाने खरवडा, तिथला गाळ धुणाऱ्याच्या हाताला लागत नाही. फ्यूज बॉक्स उघडा. सगळ्या काचा बंद करून एसी न लावता पाच मिनिटं आत बसा. कुबट वास कितीही अत्तर मारलं तरी वर येतोच. नोंदवहीत २०१९ आणि २०२१ च्या पावसाळ्यानंतर अचानक मोठं बिल दिसलं, तर कशाचं ते विचारा.

४. इंजिन थंड असतानाच बघा

फोनवरच सांगून ठेवा: "मी येईपर्यंत गाडी चालू करू नका." पोचल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर चहा घेऊन या, नाहीतर दुसऱ्या दिवशी सकाळी जा. गरम इंजिन बरेच आजार लपवतं.

सोबत एवढं न्या: टॉर्च, फ्रिजवरचं लोहचुंबक, पांढरं फडकं, वही, जमिनीवर टाकायला जुनं पोतं, आणि मिळाला तर ब्लूटूथचा ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले दोष मोबाईलवर दाखवणारं यंत्र.

चालू करण्याआधी रेडिएटरचं किंवा कुलंटच्या डब्याचं झाकण उघडा. हे फक्त थंड इंजिनावर, गरम असताना उघडलंत तर तोंड भाजेल. कुलंट स्वच्छ रंगाचं हवं. तपकिरी पाणी असेल तर वर्षानुवर्षं नुसतं नळाचं पाणी ओतलंय. वर तेलाचा तवंग असेल तर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या हेडखालचं पॅकिंग, गेलेलं असू शकतं. ऑइल भरायच्या झाकणाच्या आतून दह्यासारखा पांढरट थर दिसला तरी तीच शंका. पाणी आणि ऑइल कुठेतरी एकमेकांत मिसळतंय.

आता किल्ली फिरवा, पण स्टार्ट करू नका. चेक इंजिन, ऑइल, बॅटरी, एअरबॅग, एबीएस, सगळे दिवे आधी लागले पाहिजेत. एखादा लागलाच नाही, तर तो कायम पेटलेला दिसू नये म्हणून कुणीतरी बंद केलेला असू शकतो. मग स्टार्ट करा. बाकीचे दिवे विझायला हवेत. सायलेन्सरकडे एक माणूस उभा ठेवा. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल खातंय. थंडीच्या सकाळी थोडी पांढरी वाफ येते, ती चालते. पण गाडी गरम झाल्यावरही पांढरा धूर येत राहिला तर कुलंट जळतंय. डिझेलला रेस केल्यावर क्षणभर काळं दिसणं आणि भकाभका काळं ओकणं यातला फरक कळतो. दुसरं दिसलं तर इंजेक्टर, टर्बो किंवा हवेची वाट तपासायला हवी.

इंजिन चालू असताना ऑइलचं झाकण सैल करून तिथेच उलटं ठेवा. हलकं थरथरलं तर ठीक. उडून पडलं आणि खालून धुराचे लोट आले, तर पिस्टनच्या रिंगा झिजल्यात. हे काम लाखाच्या पुढच्या इंजिनात सगळ्यात महाग पडतं, म्हणून ही परीक्षा लाजून टाळू नका.

गाडीला टायमिंग बेल्ट आहे की चेन, हे मॉडेलनुसार आधीच माहीत करून घ्या. बेल्ट ठरावीक किलोमीटरला बदलावाच लागतो. तुटला तर बहुतेक इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो आणि हेडचं काम निघतं. बदलल्याचं बिल नसेल तर बदललेला नाही असंच समजा. चेन असेल तर थंड स्टार्टला पहिली काही सेकंदं साखळी खडखडते का ते ऐका.

स्कॅनर असेल तर स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लावा. २०१३ नंतरच्या बहुतेक गाड्यांत चालतो. नुसते दोष बघू नका, "कोड पुसल्यापासून किती किलोमीटर" हेही बघा. तिथे १२ किलोमीटर दिसलं, तर तुम्ही येणार म्हणून कालच कुणीतरी पुसलेत.

५. पत्रा

जुन्या गाडीला डेंटिंग-पेंटिंग झालेलं असणारच, त्याने बिघडत नाही. सांगाड्याला मार बसलाय का, तेवढं बघा. बॉनेट उघडून दोन्ही बाजूंचे आतले पत्रे म्हणजे अ‍ॅप्रन एकमेकांसारखे आहेत का, कंपनीच्या वेल्डिंगचे गोल ठिपके दिसतात का, बिजागरीच्या बोल्टवर पान्याचे ओरखडे आहेत का. दारांच्या रबराखाली पिलर, म्हणजे टप तोलणारे खांब, बघा. चुंबक फडक्यात गुंडाळून पत्र्यावरून फिरवा, जिथे चिकटत नाही तिथे लांबी (पुट्टी) भरलीय. दारावर थोडी असेल तर भावात धरा. पिलरवर किंवा टपावर असेल तर गाडी सोडा, ती एकदा पलटी झालेली असू शकते.

६. घाट चढवा

पोवई नाक्याला एक चक्कर मारून गाडी कळत नाही. मी साताऱ्यात कुणाचीही गाडी बघायची असली की यवतेश्वरचा घाट चढवतो. चौघं बसायचं, एसी चालू, नजर तापमानाच्या काट्यावर. सांगलीकडच्यांना सपाट रस्ता मिळतो, त्यांनी पेठ नाक्याहून हायवेला लागून निदान तासभर तरी चालवावी.

चढावर तिसऱ्या गिअरमध्ये एकदम अ‍ॅक्सिलेटर द्या. इंजिनचा आवाज वाढला पण गाडी तेवढी ओढत नसेल, तर क्लच प्लेट संपलीय. टर्बो असेल तर ठरावीक आरपीएमला ओढ जाणवायला हवी. शिट्टी कर्कश येत असेल तर नोंद करा.

तापमानाचा काटा दहा-पंधरा मिनिटांत मध्यावर येऊन तिथेच थांबला पाहिजे. वर चढला तर दोष उघड आहे. पण खालीच राहिला तर लोक खूश होतात, "गाडी अजिबात तापत नाही" म्हणतात. इथेच फसगत होते. तापणाऱ्या गाडीचा थर्मोस्टॅट, म्हणजे कुलंटची वाट तापमानाप्रमाणे उघडणारा व्हॉल्व्ह, काढून टाकायचा आणि फॅन डायरेक्ट करायचा, ही गॅरेजमधली जुनी पळवाट आहे. एसी बंद असूनही किल्ली फिरवताच थंड इंजिनावर फॅन गरगरू लागला आणि काटा तळाशीच राहिला, तर कुणीतरी मूळ आजारावर पांघरूण घातलंय. माझ्या पहिल्या गाडीचं नेमकं हेच झालं होतं.

घाट उतरताना ब्रेक मारा. स्टिअरिंग थरथरलं तर डिस्क वाकड्या, गाडी एका बाजूला ओढली तर कॅलिपर किंवा टायर. गतिरोधकावरून खिडक्या उघड्या ठेवून हळू जा आणि ऐका. टकटक म्हणजे लिंक रॉड, बुश, शॉकअप. हे खालचं काम लाखावर पळालेल्या गाडीला निघतंच, त्यासाठी गाडी नाकारू नका. भावात धरा.

परत आल्यावर इंजिन दहा मिनिटं चालू ठेवा, मग पोतं टाकून खाली बघा.

७. तुमचा मेस्त्री, तुमचं गॅरेज

इतकं सगळं केल्यावरही हजार-पाचशे देऊन गाडी लिफ्टवर चढवा. मेस्त्री तुमचा हवा, विकणाऱ्याने सुचवलेला नको. साताऱ्याच्या एमआयडीसीत किंवा सांगलीकडे कुपवाडला त्या कंपनीच्या गाड्यांवर काम केलेला माणूस मिळतो. तो दहा मिनिटांत जे ऐकतो ते आपल्याला वर्षभरात कळत नाही.

त्याला "गाडी चांगली आहे का" असं विचारू नका. "पुढच्या वर्षभरात यात काय काय करावं लागेल आणि किती लागतील?" असं विचारा आणि तो सांगेल ते वहीत लिहा. क्लच, टायर, बॅटरी, खालचं काम, टायमिंग. ती बेरीज गाडीच्या किमतीत मिळवा, मग ठरवा. ती यादी विकणाऱ्यासमोर ठेवलीत की भाव आपोआप खाली येतो, घासाघीस करावी लागत नाही.

८. इसार आणि कागद

इसार देण्याआधी आरसीवरच्या, म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावरच्या, मालकाला प्रत्यक्ष भेटा. कोऱ्या सह्या केलेले टीटी (मालकी बदलाचे) फॉर्म घेऊन फिरणारा एजंट मालक नसतो. उद्या सही जुळली नाही तर तुम्ही आरटीओत चकरा मारत बसाल. इसाराची पावती लिहून घ्या. त्यात गाडीचा नंबर, ठरलेली रक्कम, मीटरचा आकडा आणि "कागदात दोष निघाल्यास इसार परत" हे वाक्य असू द्या.

हे कागद लागतात:

- मूळ आरसी. चासी आणि इंजिन नंबर गाडीवर कोरलेल्या नंबराशी स्वतः ताडून बघा
- फॉर्म २९ (दोन प्रती) आणि फॉर्म ३०
- बोजा असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचं ना-हरकत पत्र
- दुसऱ्या आरटीओची गाडी असेल तर फॉर्म २८ ची ना-हरकत, आधीच चौकशी करून
- मालक हयात नसेल तर वारसांकडून फॉर्म ३१
- चालू विमा, पीयूसी
- दोघांचं आधार, पॅन, फोटो
- दोन्ही किल्ल्या

ई-चलान बाकी आहेत का बघा आणि विकणाऱ्याकडून भरून घ्या. १ एप्रिल २०१९ आधीची गाडी असेल तर हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसवलीय का तेही बघा.

विम्याच्या कागदावर नो-क्लेम बोनसचा आकडा असतो. पाच वर्षं क्लेम नसेल तर तो ५० टक्क्यांपर्यंत जातो. "गाडीला कधी ओरखडाही नाही" म्हणतात आणि बोनस शून्य आहे, तर आदल्या वर्षी क्लेम झालाय का ते कंपनीकडून विचारून घ्या. तो बोनस मालकाचा असतो, गाडीसोबत तुम्हाला मिळत नाही. विमा तुमच्या नावावर करायला १४ दिवस असतात. हे टाळलंत तर तुमच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम अडकतो. नाव बदलण्यासाठी विकणाऱ्याने १४ दिवसांत कळवायचं असतं आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत अर्ज करायचा असतो.

गाडी ताब्यात घेताना तारखेसोबत वेळही लिहा. सकाळी ११ ला घेतली आणि १० वाजताचं चलान असेल, तर ते कुणाचं यावर भांडण नको.

९. घरी आणल्यावर पहिल्या आठवड्यात

इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, डिझेल फिल्टर, कुलंट, ब्रेक ऑइल सगळं एकदम बदला, मालक कितीही "परवाच केलंय" म्हणाला तरी. गिअर ऑइल तर हमखास विसरलेलं असतं. बेल्टचं बिल नसेल तर पहिली लांबची फेरी मारण्याआधी तो बदला. बदलल्याचा किलोमीटर आणि तारीख वहीच्या पहिल्या पानावर लिहा आणि बिलं त्याच वहीत चिकटवा. पुढे कधी तुम्ही ही गाडी विकाल, तेव्हा ती वही घेणाऱ्याच्या हातात द्या.